खर्ज गळतो कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लग्नसराईच्या दिवसांत आमच्या गिरीजमध्ये रात्री ओट्यावर बसले की दूरच्या कुठल्या तरी मांडवातले गाणे ऐकू येते. गाणे म्हणजे काय, तर नुसता ठोका. धम्, धम्, धम्. गाणारा कोण, शब्द कोणते, कोळीगीत आहे की हिंदी सिनेमातले, काही पत्ता लागत नाही. बारीक, उंच आवाज वाटेतल्या झाडापानांनी, घरांच्या भिंतींनी आणि खुद्द हवेनेच गिळलेले असतात. जाड आवाज तेवढा दोन आळ्या ओलांडून उंबऱ्यापर्यंत येतो.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. चांगला वाजणारा हेडफोन घ्या आणि कानावरून बोटभर दूर धरा. सर्वांत आधी नाहीसा होतो तो हाच जाड आवाज. उरते ती चिरचिर. लोकलमध्ये शेजारच्याच्या कानातून सांडणारी जी च्क्-च्क् आपल्याला छळते ती हीच. म्हणजे जो खर्ज मांडवातून निघून पाव मैल चालत येतो, त्याला हेडफोनमधून निघाल्यावर बोटभर अंतर कापवत नाही. हे कसे काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्याला समजले, त्याला हेडफोनचा बेस कसा वाढवायचा हेही समजले असे माझे मत आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि आता हेडफोन असा दुरुस्तीचा छंद मी पुष्कळ वर्षे करतो आहे. माझ्या टेबलाशी शाळा-कॉलेजातली मुले येतात आणि म्हणतात, ‘काका, याचा बेस वाढवून द्या.’ कुणाला गाण्यासाठी हवा असतो, कुणाला मोबाइलवरच्या खेळातला स्फोट छातीत बसायला हवा असतो. काही जण येण्यापूर्वीच कुठे तरी पाहून हेडफोनला तापलेल्या सुईने भोके पाडून आलेले असतात. त्यांची हौस मला आवडते. नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या अमेरिकन माणसाने १९१० साली स्वयंपाकघरात बसूनच हेडफोन तयार केले आणि अमेरिकन नौदलाला विकले. तेव्हा घरच्या टेबलावर खुडबुड करणे हा या वस्तूचा मूळ कुलाचारच आहे. पण भोक कुठे पाडायचे आणि कुठले बुजवायचे, हे कळल्यावर पाडलेले बरे.

मांडवातला मोठा स्पीकर १५ किंवा १८ इंचांचा असतो. हेडफोनमधला पडदा साधारण ४० मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. १८ इंची स्पीकरचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे १३० पट भरते. सेकंदाला ५० कंपने असलेल्या सुराची एक लाट हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते. एवढी लाट उठवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. चिमुकल्या पडद्याने उघड्या हवेत ते काम होत नाही. तो पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाण्याऐवजी कडेने वळसा घालून मागे पळते. विहिरीत हात सावकाश फिरवून पाहा, पाणी बोटांना वळसा घालून निमूट निघून जाते. तोच हात झपकन मारा, पाणी उसळते. उंच सूर म्हणजे झपकन मारलेला हात. खर्ज म्हणजे सावकाश फिरवलेला.

मग हेडफोनला खर्ज येतो तरी कसा? त्याला सारी खोली हलवायची नसते, म्हणून येतो. त्याला हलवायची असते फक्त पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामधली ओंजळभर, किंबहुना चमचाभर हवा. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून दांडा आत ढकला. कितीही सावकाश ढकलला तरी अंगठ्याला दाब जाणवतो. आता अंगठा किंचित सैल करा. सावकाश ढकललेला दांडा नुसताच आत जातो, हवा फुस्स करून निघून जाते. जोराने हिसका दिला तरच दाब जाणवतो, कारण तेवढ्या क्षणात हवेला पळायला सवड मिळत नाही. हेडफोनचे अगदी हेच आहे. फट असली तरी उंच सूर कानापर्यंत पोचतात. खर्ज मात्र त्या फटीतून गळून जातो.

म्हणून माझ्याकडे हेडफोन आला की मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही. बेस असलेले एखादे ओळखीचे गाणे लावतो, हेडफोन ज्याचा त्याच्या डोक्यावर बसवतो आणि दोन्ही तळव्यांनी दोन्ही वाट्या कानावर हलकेच दाबतो. बहुतेकांचे डोळे तिथेच मोठे होतात. ‘काका, काय केलंत?’ केले काहीच नाही. दाबल्यावर बेस वाढला याचा अर्थ एवढाच की हेडफोनमध्ये बेस आधीपासूनच आहे, तो वाटेत गळतो आहे. घरी ही परीक्षा कुणालाही करता येईल. हात दाबूनही फरक पडला नाही तरच आत काय आहे ते पाहण्याची वेळ येते.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली चष्म्याची काडी. ती पॅडखालून जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक बोगदा तयार होतो. जाड काडीपेक्षा बारीक, चपटी काडी बरी, आणि काडी थोडी वर उचलून बसवली तर आणखी बरी. दुसरी जागा केसांची आणि कानातल्यांची. मुलींचे हेडफोन ‘मऊ वाजतात’ अशी तक्रार असते, त्यात कित्येकदा फक्त कानामागे न सारलेल्या बटा असतात. तिसरी जागा डोक्यावरच्या पट्टीची. ती वर्षभर ताणून सैल झालेली असते. दोन जाड पुस्तकांना अडकवून ठेवायची नाही, ती आणखी सैल होते. उलट हलक्या हाताने आत वाकवायची. पट्टी धातूची असेल तर ती ऐकते. प्लास्टिकची असेल तर जपून, ती एकदाच ऐकते.

चौथी जागा खुद्द पॅडची, आणि आमच्या किनारपट्टीला तीच सर्वांत मोठी. काळी चकचकीत कातडी असते ती बहुधा कातडी नसतेच, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पापुद्रा असतो. दमट हवा आणि कानामागचा घाम यांनी तो हळूहळू कुजतो. दोन पावसाळे गेले की मानेवर काळे कण पडू लागतात, उशीवर पडतात, आणि आई विचारते हे काय. पापुद्रा गेला की खाली राहते सच्छिद्र कापड, आणि त्यातून हवा आरपार. हेडफोन नवा असताना होता तो बेस आता का नाही, याचे उत्तर बहुधा या काळ्या कणांत असते. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात (पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे) तर सुटे पॅड मिळतात. जाताना जुन्या पॅडचा बाहेरचा आणि आतला व्यास मोजून न्या. दुकानदार मॉडेल विचारतो, पण माप हाती असले की चूक होत नाही. मऊ मखमली पॅड कानाला सुखद असतात, उन्हाळ्यात घाम येत नाही, मात्र त्यांतून हवा जाते, म्हणजे थोडा खर्जही जातो. हे घेताना ठाऊक असावे.

कानाच्या भोकात बसणाऱ्या इअरफोनचे तर सारे भवितव्य त्या पाच पैशांच्या वाटणाऱ्या रबरावर असते. डबीत तीन मापांची रबरे दिलेली असतात. किती जण ती उघडून पाहतात? मधले माप लावलेलेच असते, तेच आयुष्यभर राहते. आपले दोन कान सारखे नसतात, डाव्याला मधले आणि उजव्याला मोठे असेही निघते. रबर बसवून जबडा उघड-मीट करा. ठोका येतो-जातो असे झाले तर माप लहान आहे. स्पंजची टोपी मिळते ती बोटाने चुरडून कानात धरून ठेवली की फुगून जागा भरते, आणि पुष्कळांना तिनेच समाधान होते. कडक प्लास्टिकचे, रबर नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन मात्र घट्ट बसतच नाहीत. त्यांच्याकडून खर्जाची अपेक्षा धरणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे. त्यांना स्पंजची पातळ टोपी घालावी, थोडा फरक पडतो, आणि गप्प बसावे.

काही हेडफोन मुद्दामच उघडे ठेवलेले असतात, हेही सांगायला हवे. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने १९६८ साली पिवळ्या स्पंजाचा एचडी ४१४ बाजारात आणला, तो उघड्या जातीचा. त्याला मागून-पुढून हवा मोकळी होती. असा हेडफोन ऐकताना गाणे डोक्याबाहेर, खोलीत चालले आहे असे वाटते. खर्ज थोडा हलका येतो आणि तो व्यवहार ठरवून केलेला असतो. असल्या हेडफोनच्या जाळ्या टेपने बुजवणारी मुले मी पाहिली आहेत. एवढे करण्यापेक्षा बंद जातीचा स्वस्त हेडफोन घेतलेला परवडतो.

आता भोकांकडे येऊ. बंद जातीच्या हेडफोनलाही एक-दोन बारीक भोके असतात, बहुधा जाळीने किंवा पातळ कागदाने झाकलेली. त्यांचे काम समजायला आपल्याकडचे घुमट डोळ्यांपुढे आणा. गोव्याच्या आरत्यांत आणि मांडोत, तसेच मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती लग्नगीतांत घुमट वाजत आले. मातीचे मडके, एका मोठ्या तोंडाला कातडे, दुसरे लहान तोंड उघडे. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि त्याच्या अंमलबजावणीनंतर बकऱ्याचे आले. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. वादक एका हाताने कातड्यावर मारतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंडाशी उघडतो-मिटतो. तेवढ्याने घूम बदलते. आतल्या हवेला बाहेर जायला किती वाट ठेवायची, हे तो तळव्याने ठरवत असतो.

हेडफोनच्या कारखान्यात हाच तळवा एकदाच ठेवून पक्का केलेला असतो. आपण तो बदलू शकतो, फक्त कुठले भोक कशाचे ते कळायला हवे. पडद्याच्या मागच्या बाजूची भोके सगळी बुजवली तर मागे कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी ताठ होते, पडद्याला मोकळेपणी डोलता येत नाही, आणि सर्वांत खालचा खर्ज बहुधा उलट कमीच होतो. त्याच्या थोडा वरचा, धबधब वाटणारा आवाज तेवढा फुगतो. कुणाला तोच बेस वाटतो, तो ज्याचा त्याचा कान. पडद्याच्या पुढे, कानाकडच्या बाजूला भोक असेल तर मात्र ती सरळ गळतीच असते. ते अर्धे झाकले तर खर्ज चढतो. पूर्ण झाकले तर इअरफोन कानात घालताना हवा दबून पडदा कुरकुरतो, म्हणून ते भोक तिथे दिलेले असते.

या प्रयोगाला डिंक, फेविक्विक, एम-सील यांतले काही वापरू नका. औषधाच्या दुकानात जखमेवर लावायची पांढरी कागदी टेप मिळते, ती घ्या. तिच्यातून थोडी हवा जाते. एक थर लावला, ऐकले, आणखी एक लावला, ऐकले, नाही आवडले तर काढून टाकली, अंगावर खूण राहत नाही. परदेशातले हौशी लोकही हीच टेप वापरतात. जपानच्या फॉस्टेक्स कंपनीचा टी५०आरपी नावाचा एक हेडफोन अशा लोकांचा फार लाडका आहे. तो विकत घेऊन उघडणे हाच अनेकांचा उद्देश असतो! वाटीच्या आत कापसाचा विरळ थर घालण्याची पद्धतही आहे. त्याने बेस वाढतो असे सांगतात, तसे ते नाही. कापूस आत घुमणारे मधले आणि वरचे आवाज शोषतो. त्यामुळे आहे तो खर्ज स्वच्छ, वेगळा ऐकू येतो. फायदा आहे, फक्त तो वेगळ्या खात्यात जमा होतो. कापूस ठासू मात्र नका, आणि पडद्याला चिकटू देऊ नका.

खर्ज वाढवायची आणखी एक जुनी रीत महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. भजनाला बसण्यापूर्वी पखवाजवादक डाव्या, मोठ्या पुडीला भिजवलेली कणीक थापतो. वजन वाढले की पुडी संथ हलते आणि सूर खाली उतरतो. हा ताजा, ओला लेप दर बैठकीला नवा लागतो. तबल्या-मृदंगावरच्या काळ्या शाईने काय होते, याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी केला, आणि १९२० साली त्यांचा त्यावरचा लेख ‘नेचर’मध्ये छापून आला. एरवी ढोलाच्या कातड्याचे सूर एकमेकांशी फटकून असतात. शाईच्या वजनाने ते एका ओळीत, तंतुवाद्यासारखे येतात, हे त्यांनी दाखवले.

हे ऐकून कुणी हेडफोनच्या पडद्यावर काही चिकटवायला जाऊ नये, म्हणून लगेच सांगतो. पखवाजवादकाच्या हातात ताकद आहे. फोनच्या हातात ती नाही. तो पातळ पडदा वजनाने दमतो, सगळाच आवाज खाली बसतो, आणि कडेची वेटोळी चुंबकाला घासू लागली की खरखर सुरू होते. शिवाय तिथे जबरदस्त चुंबक असते. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला की तो हातातून खेचला जातो आणि टोक थेट पडद्यातून आरपार जाते. ब्लूटूथच्या चिमुकल्या इअरफोनमध्ये तर लिथियमची बॅटरी असते. ती टोचली गेली तर आग लागते. ते उघडूच नयेत.

आता थोडे मनाविषयी. कारण बेसचा निम्मा धंदा कानात चालतो आणि निम्मा मेंदूत. जुन्या तारेच्या टेलिफोनवरून साधारण ३०० कंपनांच्या खालचे सूर जातच नसत. पुरुषाच्या आवाजाचा पाया असतो शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे वडिलांच्या आवाजाचा पाया तारेतून येतच नव्हता. तरी ‘अगं, बाबांचा फोन’ असे आपण पहिल्या शब्दाला ओळखत होतो, आणि तो आवाज आपल्याला जाडच वाटत होता. वरचे सूर एकमेकांशी ज्या प्रमाणात असतात त्यावरून मेंदू न आलेला पाया उभा करतो. मोठ्या घंटेचेही असेच असते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहायला मिळतात. अशा घंटेवर टोला पडताच जो मुख्य सूर वाटतो, तो वरच्या दोन-तीन सुरांच्या नात्यावरून मनाने धरलेला असतो. घंटेचा स्वतःचा सूर नेमका तिथेच असेल असे नाही. लहान स्पीकरमधून ‘मोठा बेस’ काढून दाखवणारी जी बटणे असतात, त्यांतली काही याच युक्तीवर चालतात. त्यात फसवणूक नाही, पण अति झाले की आवाज नाकातून आल्यासारखा होतो.

दुसरी गोष्ट १९३३ सालची. फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी मोजून दाखवले की आवाज लहान केला की माणसाच्या कानाला खर्ज फार झपाट्याने कमी ऐकू येतो, मधले सूर तितके कमी होत नाहीत. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असायचे ते याच्यासाठी. रात्री हळू आवाजात ऐकताना ते दाबायचे. मोबाइलवर ते बटण नाही, इक्वलायझर आहे. तिथे मुले खालच्या पट्ट्या सरळ वर नेऊन भिडवतात. ६ डेसिबल वाढवले की पडद्याला दुप्पट हलावे लागते आणि शक्ती चौपट लागते. शिवाय फोनमधल्या आकड्यांना वरची मर्यादा आहे. तिला टेकले की लाटेचे माथे कापले जातात आणि ठोका फाटतो. उलटे करून पाहा. खर्जाची पट्टी आहे तिथे ठेवा आणि बाकीच्या सगळ्या चार-चार डेसिबल खाली घ्या. ऐकायला बेस तितकाच वाढतो, फाटत नाही. आणि कानावर एकूण मारा कमी होतो, जो माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा.

हे महत्त्वाचे का, ते गिरीजहून नोकरीला जाणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. वसई रोडहून चर्चगेटला जायचे म्हणजे तासाहून अधिक लोकलचा प्रवास. जाऊन-येऊन दोन तास धरले तरी सहा दिवसांचे बारा तास होतात. गाडीची घरघर स्वतःच खर्जाची असते. ती गाण्यातला खर्ज झाकून टाकते. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. पण वाढतो तो एकटा खर्ज नाही, त्याच्याबरोबर मधले आणि वरचे सूरही वाढतात, आणि त्यांना गाडी झाकत नाही. ते सरळ कानात घुसतात. म्हणजे पॅडला फट असल्याची किंमत कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी देतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली यासाठी एक हिशेब घालून दिला. मोठ्या माणसाला ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. आपल्या बारा तासांचा प्रवासी ८६ वर ऐकत असेल तर शनिवारच्या आधीच त्याचा कोटा संपलेला असतो. १२ ते ३५ या वयातले जगभरचे १०० कोटींहून अधिक लोक अशा ऐकण्याने धोक्यात आहेत, असे संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. मांडवातल्या आवाजासाठी आपल्याकडे २००० सालचे नियम आहेत, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि त्यावरून दर गणपतीत वाद होतात. कानाच्या आतल्या मांडवात पोलीस येत नाही.

आणि अशा आवाजाने आधी जाते ते काय? बेस नव्हे. साधारण ४,००० कंपनांच्या आसपासचे ऐकू येणे आधी उणावते. तिथे असतात आपल्या भाषेतली धारदार व्यंजने, स, श, त, क. ठोका पूर्ववत ऐकू येत राहतो, म्हणून त्या माणसाला संशयही येत नाही. समोरचा पुटपुटतो अशी त्याची समजूत होते.

म्हणून घट्ट बसणारा पॅड ही मला नुसती हौसेची गोष्ट वाटत नाही. फट बुजली की खर्ज वाढतो, बाहेरचा आवाजही थोडा अडतो, आणि माणूस आपण होऊन आवाजाची कळ दोन-तीन घरे खाली आणतो. मी पॅड बदलून दिला की आठवड्याने विचारतो, आता किती घरांवर ऐकतोस? गाडीच्या घरघरीवर दुसरा इलाज आहे तो उलटी लाट सोडून आवाज मारणाऱ्या हेडफोनचा. अमर बोस हे त्याचे मोठे नाव. त्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, अमेरिकेत जाऊन राहिलेले. १९७८ साली युरोपहून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर गरगराटामुळे गाणे धड ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथेच गणित मांडायला घेतले. ही युक्ती खर्जाच्या घरघरीवरच सर्वांत चांगली चालते. म्हणजे लोकलला अगदी योग्य. फक्त रूळ ओलांडताना, रस्त्याने चालताना, रिक्षामागून येत असताना ती चालू नको. घट्ट बसलेला कोणताही हेडफोन रस्त्यावर गळ्यात असावा, कानात नसावा.

कुणी तार तुटलेला हेडफोन स्वतः डाग देऊन जोडला असेल तर एक तपासणी करा. एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या असतील तर दोन्ही कानांत आवाज येतो, दोन्ही ठीक वाटतात, पण डोक्याच्या मध्यभागी बसणारा ठोका दोन्हीकडे पांगतो आणि बेस गेल्यासारखा वाटतो. तारा अदलाबदल केल्या की तो मध्यभागी येऊन बसतो. बेस नाही म्हणून आलेल्या हेडफोनमधला हा सर्वांत आनंदाचा आजार, कारण औषधाला पैसे लागत नाहीत.

राहिले खेळणारे. त्यांना मी कानाविषयी सांगितले की ते मान डोलावतात आणि विसरतात. मग त्यांना त्यांच्याच खेळातले सांगतो. जाड आवाज आपल्या वरच्या आवाजांना झाकतो, बारीक आवाज जाडाला तितके झाकत नाही. १९२४ सालापासून हे मोजलेले आहे. स्फोटाचा धमाका वाढवून ठेवला की त्याच्या आडून येणारी शत्रूची पावले, पायाखालच्या काचेची कुरकुर, बंदूक भरल्याची खट् हे सगळे त्याखाली बुडते. ज्याने बेस भरपूर ठेवला तो खोलीत आधी मारला जातो. हे मात्र त्यांच्या कानात लगेच शिरते. त्यांना मी इक्वलायझरमधली शंभराच्या आसपासची पट्टी थोडी खाली ओढून, एकूण आवाजही एक घर उतरवून, एक डाव खेळायला सांगतो. पुष्कळ जण ती पट्टी खेळासाठी पुन्हा वर नेत नाहीत. गाण्यासाठी वेगळी मांडणी वेगळ्या नावाने जपून ठेवतात, आणि त्यात काही गैर नाही.